सात फुटी कालव्यांवरच्या अखेरच्या खेपा

इंग्लंडच्या मध्यभागातल्या जुन्या कालव्यांवरचे लॉक ७ फूट रुंद आणि ७२ फुटांच्या आसपास लांब आहेत. कालव्याची पातळी जिथे चढते किंवा उतरते तिथे दोन्ही टोकांना दारे लावून बांधलेला विटांचा किंवा दगडांचा हौद म्हणजे लॉक. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, झडपा उघडून हौदात पाणी भरायचे किंवा हौदातले सोडून द्यायचे आणि नाव पुढच्या पातळीला आली की पुढचे दार उघडायचे. हौद ७ फुटांचा, म्हणून नाव ६ फूट १० इंचांची. हीच नॅरोबोट. आज हजारो लोक तिच्यातून सुटीचा प्रवास करतात, काही जण वर्षानुवर्षे तिच्यातच राहतात. पण ती घडली ती कोळसा, चिनीमाती, धान्य आणि लोखंड वाहण्यासाठी. दोनशे वर्षे तिने हे काम केले. या धंद्याची भरभराट, त्यातली माणसे, त्याचा शेवट आणि त्यातून निघालेली लांबच्या जलप्रवासाची हौस, या सगळ्यांमागे लॉकची ही अरुंद रुंदी आहे.

सुरुवात मात्र रुंद कालव्याने झाली. ब्रिजवॉटरचा तिसरा ड्यूक फ्रान्सिस एजर्टन याच्या वर्स्ली येथे कोळशाच्या खाणी होत्या आणि काही मैलांवरच्या मँचेस्टरला कोळसा हवा होता. घोड्यांच्या पाठीवरून तो नेणे महाग पडे. कारभारी जॉन गिल्बर्ट आणि कारागीर-अभियंता जेम्स ब्रिंडली यांना हाताशी धरून ड्यूकने कालवा खणला. १७६१ साली बार्टन येथे इरवेल नदीच्या वरून जाणाऱ्या जलसेतूवरून कोळशाची नाव गेली, तेव्हा नदीवरून नदी वाहताना बघायला लांबलांबून लोक आले. शहरातला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. कालवा खाणीच्या पोटातही शिरलेला होता आणि पुढे त्या भूमिगत जाळ्याची लांबी सुमारे ४६ मैलांपर्यंत गेली. त्यातून ये-जा करणाऱ्या निमुळत्या, बरगड्या दिसणाऱ्या नावांना नॅरोबोटीच्या पूर्वज मानले जाते.

या यशाकडे सर्वांत बारकाईने पाहणारा माणूस होता जोसाया वेजवुड. स्टॅफर्डशरच्या कुंभारवाड्यांत त्याचा मातीच्या भांड्यांचा धंदा होता. कॉर्नवॉलची पांढरी माती आणि दक्षिणेकडची गारगोटी तिथवर आणायची आणि तयार बशा-चहादाण्या खाचखळग्यांच्या रस्त्याने बंदरावर न्यायच्या, यात वाटेतच बराच माल फुटायचा. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याला संसदेने १७६६ साली मंजुरी दिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वेजवुडने बर्स्लेम येथे पहिली कुदळ मारली. कालव्याच्या नियोजित मार्गाला लागूनच त्याने एट्रुरिया हा नवा कारखाना उभारला. अभियंता पुन्हा ब्रिंडलीच होता.

रुंदीचा निर्णय इथे झाला. ब्रिजवॉटर कालव्याचे रनकॉर्न येथील लॉक सुमारे १४ फूट रुंद होते. ट्रेंट अँड मर्सीवर मात्र स्टॅफर्डशरची पठारी पाठ ओलांडायची होती. तिथे पाणी कमी आणि हेअरकॅसल टेकडीतून दीड मैलाहून लांब बोगदा खणायचा. लॉक निम्मा केला की एका खेपेला लागणारे पाणीही निम्मे होते आणि बोगदा अरुंद केला की खर्च वाचतो. अरुंद लॉकच्या एका भरण्यालासुद्धा लाखभर लिटर पाणी लागते, हे लक्षात घेतले तर ब्रिंडलीची काटकसर समजते. त्याच्या हातून झालेल्या किंवा त्याच्या शिष्यांनी पुढे नेलेल्या इतर कालव्यांनी हेच माप उचलले. पहिल्या पिढीला हा हिशेब रास्तच होता. त्याची किंमत तिच्या नातवंडांनी मोजली.

हेअरकॅसलचा बोगदा पुरा व्हायला अकरा वर्षे लागली. तो १७७७ साली खुला झाला, पण ते पाहायला ब्रिंडली उरला नव्हता; तो १७७२ सालीच वारला होता. बोगद्यात घोड्यासाठी वाट नव्हती. घोडा टेकडीवरून पलीकडे नेला जाई आणि नाववाले फळीवर उताणे पडून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाय रेटत नाव अंधारातून पुढे ढकलत. भरलेली नाव पार व्हायला तीन-तीन तास लागत आणि एका वेळी एकाच दिशेने वाहतूक चाले, त्यामुळे दोन्ही तोंडांशी नावांच्या रांगा लागत. शेवटी टॉमस टेलफर्डने शेजारीच दुसरा बोगदा खणला, तो १८२७ साली, अवघ्या तीन वर्षांत. त्यात घोड्यांची वाट होती. दोन बोगद्यांच्या मधल्या अर्धशतकात खोदकामाचे शास्त्र किती पुढे गेले, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

त्या काळी ओझ्याचा घोडा पाठीवर सव्वाशे किलोच्या आसपास माल नेई. चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर टन-दोन टन. तोच घोडा कालव्याकाठच्या वाटेवरून २५ ते ३० टन भरलेली नाव एकट्याने ओढी. या एका फरकामुळे भांडवलदार कालव्यांकडे वळले. मर्सी, ट्रेंट, सेव्हर्न आणि टेम्स या चार नद्या एकमेकींना जोडण्याची ब्रिंडलीची कल्पना १७९० साली ऑक्सफर्डचा कालवा पुरा झाल्यावर प्रत्यक्षात आली. १७९३ च्या सुमारास कालव्यांच्या शेअर्सचे वेडच लागले. त्यातल्या कित्येक योजनांना ना माल होता ना पाणी. ब्रिंडलीचे कालवे टेकड्यांना वळसे घालत समपातळीने जात, त्यामुळे फार लांब पडत. ऑक्सफर्डच्या उत्तर भागातले वळसे १८३० च्या सुमारास कापून काढले तेव्हा सुमारे १४ मैलांची वाट वाचली.

लंडनला मध्य इंग्लंडशी थेट जोडणारा ग्रँड जंक्शन कालवा १८०५ साली ब्लिसवर्थचा बोगदा पुरा होताच सलग झाला. त्याच्या कर्त्यांनी दूरदृष्टीने १४ फूट रुंदीचे लॉक बांधले. लंडनहून मोठे बार्ज, म्हणजे रुंद मालवाहू नावा, थेट बर्मिंगहॅमला जातील, असा त्यांचा हिशेब होता. पण पुढच्या टोकाचे जुने कालवे ७ फुटांचेच राहिले. त्यामुळे रुंद लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि अरुंद भाग आला की एकामागून एक काढायच्या, हीच पद्धत पडली. ती पुढे दीडशे वर्षे चालली. १८०५ सालीच नोव्हेंबरमध्ये वेल्समध्ये डी नदीच्या खोऱ्यावर पाँटकसिल्टे येथे टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला जलसेतू खुला झाला: ३०७ मीटर लांब, नदीपासून ३८ मीटर उंच, लोखंडी पन्हळीतून वाहणारा. आज तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून पुढे जायचा कालवा मात्र कधीच झाला नाही, त्यामुळे हे सर्वांत देखणे बांधकाम मालवाहतुकीच्या दृष्टीने आडबाजूलाच राहिले.

१८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि दहा-पंधरा वर्षांत कालव्यांचे दर कोसळले. सुमारे एक तृतीयांश कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत किंवा भाड्याने घेतले. काही चालू ठेवले, काहींकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले. तरी सगळीकडे सारखे घडले नाही. बर्मिंगहॅमभोवतीच्या जाळ्यावर कारखाने अगदी पाण्याला लागून होते आणि रेल्वेच्या डब्यांतून नावांत माल चढवण्यासाठी खास गोद्या बांधलेल्या होत्या. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही वर्षाला ८० लाख टनांहून अधिक माल हलत होता. लांब पल्ल्याचे नाववाले मात्र पिळून निघाले. नाव दुप्पट मोठी करता आली असती, तर टनामागचा खर्च खाली आणता आला असता. ७ फुटांच्या हौदात ते शक्य नव्हते. कमी करता येण्यासारखा एकच खर्च उरला होता, तो म्हणजे मजुरी.

म्हणून नाववाल्याने हाताखालचा गडी काढला आणि बायकोमुलांना नावेवर आणले. गावातल्या घराचे भाडे वाचले आणि फुकटचे हात मिळाले. बायको सुकाणू धरी, मोठा मुलगा घोड्यामागे चाले, मुलगी पुढे धावत जाऊन लॉक तयार ठेवी. नावेची सगळी लांबी मालासाठी राखून ठेवलेली असे. राहायला फक्त मागच्या टोकाची खोली, लांबीला आठ-दहा फूट आणि रुंदीला नावेइतकीच. आत शिरताच डाव्या हाताला चूल, उजव्या बाजूला बाकडे, तेच एकाची झोपायची जागा. कपाटाचे दार खाली पाडले की जेवायचे टेबल. आतल्या टोकाला आडवा पलंग, तो दिवसा घडी होऊन भिंतीत जाई. एवढ्या जागेत नवरा-बायको आणि चार-पाच मुले राहत. कोळसा वाहणाऱ्या नावेवरही या खोलीतले पितळ लखलखीत असे, भिंतीवर जाळीदार काठांच्या बशा टांगलेल्या असत आणि लेस्टरशरमधल्या मेशम गावी मिळणाऱ्या तपकिरी झिलईच्या, झाकणावर आणखी एक छोटी चहादाणी बसवलेल्या मोठ्या चहादाण्या घराण्याची ठेव म्हणून जपल्या जात.

दारांवर, पाण्याच्या डब्यांवर, अगदी घोड्याच्या चाऱ्याच्या भांड्यावरही गुलाबाची फुले आणि तळ्याकाठचे किल्ले रंगवायची पद्धत होती. हे किल्ले कुठून आले याविषयी बरेच तर्क लढवले गेले. कुणी रोमा लोकांकडे बोट दाखवले, कुणी हॉलंडकडे. तर्कांपेक्षा उपयोगी नोंद १८५८ सालची आहे. त्या वर्षी चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात एका नावेवरच्या प्रवासाचे वर्णन आले आणि त्यात ही चित्रकला रुळलेली दिसते. व्हिक्टोरिअन काळातले रंगवलेले ट्रे, घड्याळांच्या तबकड्या आणि स्वस्त फर्निचर यांवरही असेच देखावे असत. म्हणजे नाववाल्यांनी बाजारातलीच आवड उचलली आणि बाजाराने ती टाकून दिल्यावरही जपून ठेवली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

बाहेरच्यांना मात्र या खोल्यांत फक्त घाण आणि अज्ञान दिसले. कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ याने आधी वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी चळवळ केली होती. १८७५ साली त्याने नाववाल्यांवर पुस्तक लिहिले. त्याच्या खटपटीने १८७७ आणि १८८४ साली कालव्यांवरच्या नावांविषयी कायदे झाले. प्रत्येक राहती नाव नोंदवायची, खोलीच्या घनफळावरून किती माणसे झोपतील हे ठरवायचे, निरीक्षकाला तपासू द्यायचे, मुलांना शाळेत घालायचे. स्मिथ प्रचारक होता, संशोधक नव्हता. त्याने अवगुण रंगवून सांगितले आणि आकडे फुगवले. तपासणीमुळे खोल्या सुधारल्या, हे खरे. शाळेचे कलम मात्र कागदावरच राहिले, कारण आज एका गावी आणि परवा तीस मैलांवर असलेल्या मुलाला कोणती शाळा ठेवून घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निरक्षर नाववाले सर्रास आढळत. वजने, टोल, लॉकचा क्रम आणि कोणत्या पुलाखाली पाणी उथळ आहे हे त्यांना तोंडपाठ असे.

धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी होती फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन, स्थापना १८८९. तिच्या वाफेच्या नावा रात्रंदिवस न थांबता धावत, पण बॉयलर आणि कोळसा यांनी मालाची बरीच जागा खाल्ली. १९१२ पासून तिने स्वीडिश बनावटीचे बोलिंडर इंजिन वापरायला सुरुवात केली आणि चित्र पालटले. इंजिनाची नाव स्वतः माल नेऊन मागे बिनइंजिनाची दुसरी नाव ओढी. या दुसरीला बटी म्हणत. दोन नावांच्या जोडीत मिळून ५० टनांच्या आसपास माल जाई आणि एकच कुटुंब दोन खोल्यांत राहून दोन्ही हाकी.

१९२९ साली ग्रँड जंक्शन आणि इतर कालवे मिळून ग्रँड युनियन कंपनी झाली. तिने जुना प्रश्न नव्याने हाती घेतला. सरकारी मदतीने नॅप्टन ते बर्मिंगहॅम या टप्प्यावर पन्नासहून अधिक रुंद लॉक बांधले आणि १९३४ साली ड्यूक ऑफ केंटच्या हस्ते हॅटन येथे त्यांचे उद्घाटन झाले. मग पैसे संपले. बर्मिंगहॅमच्या वेशीवरचे कॅम्प हिलचे लॉक ७ फुटांचेच राहिले आणि ज्या बार्जसाठी हा खटाटोप केला ते कधी आलेच नाहीत. कंपनीने नॅरोबोटींचाच मोठा ताफा बांधून घेतला आणि मग त्या चालवायला पुरेशी कुटुंबे मिळेनात.

दुसऱ्या महायुद्धात ही तूट भरून काढण्यासाठी १९४२ पासून शहरी, बहुधा सुखवस्तू घरांतल्या तरुणींना नावा चालवायचे शिक्षण देण्यात आले. तिघींची एक तुकडी लंडनहून पोलाद वा ॲल्युमिनिअम घेऊन बर्मिंगहॅमला जाई, परतताना कॉव्हेंट्रीजवळ कोळसा भरी आणि साधारण तीन आठवड्यांत फेरी पुरी करी. त्यांच्या बिल्ल्यावर ‘आय डब्ल्यू’ ही ‘इनलँड वॉटरवेज’ची आद्याक्षरे होती, थट्टेखोरांनी त्याचे ‘आयडल विमेन’, म्हणजे ‘आळशी बायका’, असे केले. ५० टन कोळसा ओढणाऱ्या या मुलींनी ते नाव हसून स्वीकारले. त्यांच्यापैकी एमा स्मिथ हिने १९४८ साली ‘मेडन्स ट्रिप’ हे पुस्तक लिहिले.

लांबच्या हौशी प्रवासाची परंपरा ज्या एका नावेपासून मोजली जाते ती ‘क्रेसी’. ती मुळात मालवाहू लाकडी नाव होती. अभियंता एल. टी. सी. रोल्ट याने ती राहण्याजोगी करून घेतली आणि २७ जुलै १९३९ रोजी पत्नी अँजेलासह बॅनबरीहून निघाला. हा प्रवास संपूर्ण देशातून व्हायचा होता. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले, पेट्रोल आटले, रोल्टला क्रू येथील रोल्स-रॉइसच्या कारखान्यात विमानांच्या इंजिनांचे काम धरावे लागले आणि प्रवास अर्ध्यावर थांबला. त्या काही आठवड्यांच्या अनुभवावर लिहिलेले ‘नॅरो बोट’ हे पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर अखेर डिसेंबर १९४४ मध्ये निघाले आणि बॉम्बहल्ल्यांनी कंटाळलेल्या वाचकांनी ते उचलून धरले. रोल्टच्या लिहिण्यात जुन्या जगाविषयीचा हळवेपणा जरा जास्त आहे. नावेवरचे कष्ट त्याला दिसत नव्हते असे नाही, पण ते त्याला खुपत नसत. तरी चालू धंद्याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे नाही.

पुस्तक वाचून रॉबर्ट एकमन याने रोल्टला पत्र पाठवले आणि १९४६ साली लंडनला एकमनच्या घरी इनलँड वॉटरवेज असोसिएशनची स्थापना झाली. कालव्यांचा इतिहासकार चार्ल्स हॅडफील्डही त्यांच्यात होता. पुढच्याच वर्षी त्यांना हवी तशी लढाई मिळाली. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड येथे उचलता येणारा पूल मोडल्यावर रेल्वे कंपनीने तिथे खाली बसका, पक्का पूल टाकला होता. कालव्यावर नौकानयनाचा हक्क कायद्याने शाबूत होता. रोल्टने ‘क्रेसी’ घेऊन येत असल्याचे कळवले. मे १९४७ मध्ये रेल्वेच्या कामगारांना जॅक लावून पूल उचलावा लागला आणि गाळाने भरलेल्या पाण्यातून ‘क्रेसी’ कशीबशी खालून सरकली. पण दोघे संस्थापक फार काळ एकत्र राहिले नाहीत. एकमनला प्रत्येक मैल वाचवायचा होता. रोल्टला आधी काम करणारी कुटुंबे आणि वाचण्याजोगे कालवे. १९५१ साली रोल्टला संस्थेतून काढण्यात आले. त्याच सुमारास ‘क्रेसी’चे लाकूड कुजल्याने त्याने तीही सोडली.

१ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले आणि फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनचा ताफाही पुढे सरकारकडे गेला. नव्या मालकाला या धंद्याचे काय करायचे ते उमजेना. नाववाल्यांची मुले कारखान्यात जाऊ लागली. तिथे आठवड्याला ठरलेला पगार आणि रात्री अंगाखाली न हलणारा पलंग होता. ऑक्सफर्ड कालव्यावर स्वतःच्या मालकीची नाव चालवणारा शेवटचा नाववाला जो स्किनर आपल्या ‘फ्रेंडशिप’ नावेला इंजिन न लावता खेचर जुंपून कोळसा वाहत राहिला. १९५० चे दशक संपता संपता तोही थांबला. त्याची नाव आज एल्समिअर पोर्टच्या संग्रहालयात आहे. स्टोक ब्रुएर्न गावी मेरी वॉर्ड या परिचारिका लॉकशेजारच्या आपल्या घरात नाववाल्यांवर उपचार करत. मैलोन् मैल आजार अंगावर काढून लोक त्यांच्या दारी येत. १९५१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. त्या निवृत्त झाल्या तोवर रोग्यांची संख्याच घटली होती.

शेवटचा घाव थंडीने घातला. १९६२ च्या डिसेंबरअखेर कालवे गोठले ते मार्चपर्यंत सुटले नाहीत. भरलेल्या नावा बर्फात अडकून पडल्या, गिऱ्हाइकांनी लॉरी धरली आणि बर्फ वितळल्यावरही ती सोडली नाही. १९६३ साली नव्याने स्थापन झालेल्या ब्रिटिश वॉटरवेज मंडळाने आपला नॅरोबोटींचा व्यवसाय जवळजवळ गुंडाळला. नको झालेल्या नावांपैकी कित्येक तर आधीपासूनच लंडनच्या पश्चिमेला हेअरफील्डच्या खाणींत साचलेल्या पाण्यात बुडवल्या जात होत्या. विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळेना आणि फोडायला पैसे लागत, म्हणून हा उपाय. उरलेल्या काही जोड्या विलो रेनसारख्या खासगी कंपन्यांनी चालू ठेवल्या.

लांब पल्ल्याची शेवटची नियमित खेप होती अथरस्टनहून लंडनजवळच्या साउथॉलला जाणाऱ्या कोळशाची. साउथॉलला कर्ली अँड टंग कंपनीचा जॅमचा कारखाना होता, त्याच्या बॉयलरला हा कोळसा लागे. माल नेणारी ब्लू लाइन ही ब्राउन्स्टन गावची कंपनी आणि तिच्या नावांवर पिढीजात नाववाली कुटुंबे. त्यांतली ‘रेमंड’ ही बटी १९५८ साली ब्राउन्स्टनलाच बांधलेली, मालवाहतुकीसाठी घडवलेल्या लाकडी नॅरोबोटींतली शेवटची. अथरस्टनचे अकरा लॉक चढायचे, कॉव्हेंट्रीजवळ ऑक्सफर्ड कालव्याला लागायचे, ब्राउन्स्टनहून जुन्या ग्रँड जंक्शनने दक्षिणेला उतरायचे. ऑक्टोबर १९७० मध्ये कारखान्याची मागणी थांबली आणि ही खेप बंद झाली. त्यानंतरही तुरळक माल इकडेतिकडे हलत राहिला, पण वर्षभर नावेवरच राहून दूरवर माल वाहणारा समाज तिथे संपला. काही कुटुंबे कालव्यालगतच्याच घरांत राहायला गेली, काही पुरुष लॉकची देखभाल करणाऱ्या टोळ्यांत कामाला लागले.

याआधीच १९६८ च्या वाहतूक कायद्याने सरकारी कालव्यांची तीन गटांत विभागणी केली होती: मालाचे, सहलीचे आणि उरलेले. सुमारे १,१०० मैल सहलीसाठी राखले गेले. उरलेल्यांना नुसते सुरक्षित ठेवायचे, नाव चालण्याची हमी नाही. त्या गटातले अनेक कालवे पुढे स्वयंसेवकांनी उपसून काढले. याची वाट दाखवली ती स्ट्रॅटफर्डच्या दक्षिण भागाने. डेव्हिड हचिंग्ज याच्या देखरेखीखाली कैदी, सैनिक आणि हौशी मंडळी यांनी तो दुरुस्त केला आणि जुलै १९६४ मध्ये राणीमातेच्या हस्ते तो खुला झाला. १९७२ साली हजारभर स्वयंसेवक एका शनिवार-रविवारी मँचेस्टरच्या ॲश्टन कालव्यातला गाळ, सायकली आणि जुन्या गाद्या काढायला उतरले. १९४४ साली बंद झालेला हडर्सफील्डचा अरुंद कालवा २००१ साली पुन्हा सलग झाला. त्याचे ७४ लॉक आणि पेनाइन डोंगरांखालचा सव्वातीन मैलांचा स्टँडेज बोगदा आता नावांना खुला आहे. हा ब्रिटनमधला सर्वांत लांब कालवा-बोगदा.

रेल्वेशी टिकाव धरताना जी रुंदी अंगाशी आली तिनेच सहलीचे कालवे घडवले. अरुंद कालवे मोठ्या बार्जसाठी रुंद करण्याइतका पैसा कोणी घातला नाही, म्हणून त्यांचे विटांचे पूल, लोखंडी कमानी आणि दोराने खाचा पडलेले दगड जागेवर राहिले. आजची नाव पोलादी असते, डिझेल इंजिन, गॅसची शेगडी आणि शॉवर असलेली. तिची लांबी बहुधा ५७ फूट ठेवतात, कारण यॉर्कशरकडचे काही लॉक रुंद पण आखूड आहेत आणि त्याहून लांब नावेला सगळा देश फिरता येत नाही. रुंदी मात्र ब्रिंडलीचीच. लँगॉलन कालव्यावर हर्लस्टन येथे एका लॉकच्या भिंती मातीच्या दाबाने आत फुगल्या होत्या. जुन्या मालवाहू नावा वर्षानुवर्षे वापरून कडेला किंचित पसरतात. त्या तिथे अडकत. २०२१-२२ च्या हिवाळ्यात तो लॉक उकलून नव्याने बांधला, तेव्हा कुठे दोन-तीन इंचांचा हा तंटा मिटला.

२०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. तिच्या पाण्यावर ३५,००० च्या आसपास नावा आहेत. व्यापारी भरभराटीच्या काळाहूनही जास्त, असे सांगितले जाते. कायम बांधायची जागा नसलेल्या नावेने एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचे नाही, असे १९९५ चा कायदा सांगतो. वेगमर्यादा ताशी चार मैल. प्रवासाचे वेळापत्रक आखताना प्रत्येक लॉक एका मैलाबरोबर धरतात आणि मैल व लॉक मिळून तासाला तीन असा ढोबळ हिशेब करतात. या हिशेबाने उन्हाळाभर देश पालथा घालणाऱ्यालाही शेवटच्या आठवड्यांत घाई करावी लागते. त्याचे कारण हवामान जितके, तितकेच प्रशासनही.

दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ठिकठिकाणी लॉक आणि पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्यांची यादी आधी जाहीर होते आणि लांबच्या प्रवासाचा परतीचा मार्ग तिच्यावरून ठरतो. ऑक्टोबरात दिवस लहान होतो, अंधारात लॉक चालवणे धोक्याचे, म्हणून रोजचा टप्पा उन्हाळ्याच्या निम्म्यावर येतो. कोरड्या वर्षी डोंगरावरचे जलाशय आटतात आणि बंदी त्याआधीच लागते; २०२५ च्या उन्हाळ्यात लीड्स अँड लिव्हरपूलसह अनेक कालव्यांवर हेच झाले. हे जलाशय जुने आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व्हेली ब्रिज येथे टॉडब्रुक धरणाचा सांडवा पुरात उखडला तेव्हा सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली होती. ते धरणही पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेले.

हिवाळ्यासाठी ठरल्या जागी नाव आणून बांधली की डिझेलची टाकी काठोकाठ भरतात, नाहीतर रिकाम्या भागात दव साठून पाणी इंधनात उतरते. नळांतले पाणी काढून टाकतात, कारण गोठले तर नळ्या फुटतात. दोन-तीन वर्षांतून एकदा नाव पाण्याबाहेर घेऊन तिच्या तळाला डांबरी काळा लेप देतात. इकडे लॉकच्या दोन्ही बाजूंना खाचांत फळ्या बसवून मधले पाणी उपसले जाते आणि जुनी दारे क्रेनने उचलतात. ओकच्या दाराचे आयुष्य सुमारे २५ वर्षे. नवी दारे यॉर्कशरमधल्या स्टॅनली फेरी आणि बर्मिंगहॅमजवळच्या ब्रॅडली येथील कार्यशाळांत तयार होतात. प्रत्येक लॉकचे माप इंच-अर्ध्या इंचाने वेगळे असल्यामुळे एका लॉकचे दार सहसा दुसऱ्याला चालत नाही. ज्याची नाव अशा बंद लॉकच्या पलीकडे राहिली, त्याला काम पुरे होईपर्यंत तिथेच थांबावे लागते किंवा दुसऱ्या कालव्याचा वळसा घ्यावा लागतो.